सिनेमावरचा हँडहेल्ड गेम घेताना हिरमोड टाळायचा असेल तर

आवडत्या सिनेमाचा गेम दिसला की आपण दुसरं काही बघतच नाही. डब्यावर हिरोचा फोटो, सिनेमाचं नाव त्याच स्टाइलच्या अक्षरांत, आणि वाटतं की जे पडद्यावर बघून आलो ते आता हातात खेळायला मिळणार. घरी येऊन चालू करतो आणि अर्ध्या तासात मन खट्टू. मला हे सिनेमाचे गेम मनापासून आवडतात, आणि त्यातला एखादा वाईट निघाला की खरंच जिवाला लागतं, म्हणूनच हे लिहितोय. घ्यायच्या आधी काय बघायचं, दुकानात काय विचारायचं, आणि घेऊन झालाच असेल तर त्यातून काय निघतं, असं सगळं. मी जुन्या हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनबद्दल बोलतोय हां, गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स (म्हणजे जीबीए), निन्टेंडो डीएस, पीएसपी, कारण सेकंडहँडमध्ये हेच फिरतात आणि इंदूरच्या जेल रोडला विचारत फिरणारे पण जास्त करून हेच शोधत असतात.

सिनेमाचं नाव सोडा, मशीनचं नाव वाचा

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण हे राहू द्या. एका नावाचा गेम पाच मशीनवर आला म्हणजे तो एकच गेम नसतो, पाच वेगळे गेम असतात, बरेचदा पाच वेगळ्या टीमनी केलेले, आणि त्यातला एक भारी असला म्हणून बाकीचे भारी असतीलच असं काही नाही.

स्पायडर-मॅन २ घ्या. २००४ मध्ये सिनेमा आला आणि त्याच्यासोबतच गेम आला. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूबवरचा गेम ट्रेयार्क नावाच्या टीमनं केला, त्यात अख्खं मॅनहॅटन मोकळं होतं, जाळं खरोखर एखाद्या इमारतीला चिकटायला लागायचं, आणि मिशन नाही केलं तरी चालायचं, नुसते झोके घेत शहरभर फिरत बसलं तरी वेळ कसा जायचा कळायचं नाही. लोक आजही ज्याची तारीफ करतात तो हा. पण गेम बॉय ॲडव्हान्सवर जो स्पायडर-मॅन २ आला तो डिजिटल इक्लिप्स या वेगळ्याच टीमचा, बहुतेक वेळ बाजूनं दिसणारा, उड्या मारत ठोसे मारत पुढे जायचा गेम. डीएस आणि पीएसपीवरचे व्हिकॅरियस व्हिजन्सनं केले, ते पण एकमेकांपेक्षा वेगळे, आणि पीएसपीवर चित्र थ्रीडी असलं तरी शहर मोकळं नाही, एक लेव्हल संपली की दुसरी. कॉम्प्युटरवरचा अजून निराळा. पोस्टर मात्र सगळ्यांवर तेच.

माझ्या भाच्यानं चुलतभावाकडे जुन्या प्लेस्टेशन २ वर हा गेम खेळलेला, आणि मग वाढदिवसाला त्याला जीबीएवाला मिळाला. पठ्ठ्या इतका खूश होता की जेवायला उठेना. चालू केल्यावर तो सरळ डावीकडे निघाला, कडेपर्यंत गेला, तिथे हिरो अडला तरी हा बटण दाबतच राहिला, मग वर दाबून बघितलं, खाली दाबून बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे वळून विचारतो, "मामा, यात शहर कुठंय?" मला काय उत्तर द्यावं सुचेना. गेम तसा वाईट नव्हता, पण त्याला हवा होता तो तो नव्हताच, आणि डब्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आपल्या इंदूरचे पोहे वाफेवरचे, वरून शेव आणि जिरावण मसाला, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या डोक्यात घरचे कांदेपोहे असतात. दोन्ही पोहेच, दोन्ही चांगले, पण ताटात काय येणार हे आधी कोणी सांगितलेलं नसलं की पहिल्या घासाला माणूस गप्प होतो. गेमचं पण असंच होतं, म्हणून आधी विचारून घ्यायचं.

उलटंही होतं बरं का. एका सिनेमाचे एकाच मशीनवर दोन-तीन वेगळे गेम असतात. जुरासिक पार्क ३ चे २००१ मध्ये एकट्या गेम बॉय ॲडव्हान्सवर कोनामीनं तीन गेम काढले. द डीएनए फॅक्टर हा उड्या मारायचा गेम, पार्क बिल्डरमध्ये आपणच डायनासोरचं पार्क उभारून चालवायचं, आणि आयलंड अटॅकमध्ये बेटावरून जीव वाचवून सुटायचं. आता दुकानदाराला नुसतं "जुरासिक पार्क ३ आहे का भिया" विचारलं तर यातलं काहीही हातात पडेल, आणि ज्याला डायनासोरपासून पळायचंय त्याच्या हाती पार्कचा हिशेब येईल. मला स्वतःला पार्क बिल्डरची कल्पना फार आवडते पण ती प्रत्येकाला आवडेल असं नाही ना. म्हणून कार्ट्रिजवरचं, म्हणजे गेम असतो त्या मशीनमध्ये घालायच्या डबीवरचं, खालचं बारीक नाव पण वाचायचं, मोठ्या अक्षरांवर थांबायचं नाही.

कोणी केलाय ते शोधा

डब्यावर मोठं नाव असतं ते गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचं. आपल्याला हवंय ज्यांनी बसून गेम बनवला त्यांचं नाव, ते मागे बारीक अक्षरांत असतं किंवा गेम चालू केल्यावर सुरुवातीला जे दोन-तीन लोगो येतात त्यात असतं, जे आपण घाईघाईत स्टार्ट दाबून उडवून टाकतो. ते उडवू नका. दुकानात चालू करून दाखवला तर तिथेच बघून घ्या, मग फोनवर त्या टीमनं अजून काय केलंय ते शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

याचा फायदा कसा होतो बघा. लॉर्ड ऑफ द रिंग्जचे सिनेमे आले तेव्हा सिनेमावर गेम करायचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होते आणि पुस्तकावर करायचे हक्क विवेंडीकडे. त्यामुळे गेम बॉय ॲडव्हान्सवर २००२ मध्ये आलेला द फेलोशिप ऑफ द रिंग हा सिनेमाचा गेमच नाही, तो पुस्तकावरचा आहे, पाळीपाळीनं वार करायचा, संथ, आणि बग्समुळे बदनाम झालेला. सिनेमातलं बघायला मिळेल म्हणून ज्यांनी घेतला त्यांचा किती विरस झाला असेल. आणि त्याच वर्षी त्याच मशीनवर द टू टॉवर्स आला, तो सिनेमाचा, ग्रिप्टोनाइट या टीमनं केलेला, वरून तिरका दिसणारा, तलवार फिरवत जायचं, हत्यारं गोळा करायची, आणि ॲरागॉर्न, लेगोलास, गँडाल्फ, एओविन, फ्रोडो यांच्यातून आपला हिरो निवडायचा. पुढच्या वर्षी द रिटर्न ऑफ द किंग, परत ग्रिप्टोनाइट, आणि मला विचाराल तर सिनेमावरच्या हँडहेल्ड गेममध्ये या दोघांच्या जवळ जाणारे फार थोडे आहेत. दुकानात हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतील, तिन्हींवर अंगठी, तिन्हींचा भाव सारखा. ज्याला टीमचं नाव माहीत आहे त्याचेच पैसे वाचतात.

हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा २००१ चा, त्याचा गेम गेम बॉय कलरवर पण आला आणि गेम बॉय ॲडव्हान्सवर पण, दोन्ही ग्रिप्टोनाइटचे. इथे टीम तीच, वर्ष तेच, तरी गेम दोन. ॲडव्हान्सवरचा कोडी सोडवत पळापळ करायचा, आणि कलरवरचा पाळीपाळीनं लढायचा, मंत्र शिकायचे, जादूगारांचे पत्ते जमवायचे, लेव्हल वाढवायची, म्हणजे पूर्ण रोलप्लेइंग. आणि गंमत म्हणजे जुन्या, कमजोर मशीनवरचा कलरवालाच जास्त लोकांच्या मनात राहिलाय, मलाही तोच आवडतो, शाळेत फिरल्यासारखं वाटतं त्यात. तेव्हा नवीन मशीन म्हणजे चांगला गेम हे पण डोक्यातून काढा.

तारखा जुळवून बघा, पण एवढ्यावरच ठरवू नका

सिनेमाच्या गेमचं मुख्य दुखणं काय, तर वेळ. सिनेमाची तारीख ठरलेली असते, ती गेमसाठी पुढे जात नाही, त्यामुळे गेम जसा असेल तसा त्या दिवशी दुकानात यावाच लागतो. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण हँडहेल्डवरचं नाही, अटारी या टीव्हीला जोडायच्या जुन्या मशीनवरचं आहे. १९८२ चा ई.टी. हा गेम. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या माणसाला तो करायला साधारण पाच आठवडे मिळाले कारण ख्रिसमसला दुकानात पाहिजे होता, आणि पुढे त्याची न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डोला कचऱ्याच्या मैदानात पुरली गेली, २०१४ मध्ये ती खणून काढली सुद्धा. एका माणसानं पाच आठवड्यांत जे केलं त्यावर हसण्यासारखं काही नाही, मला तर त्याचं कौतुकच वाटतं, पण विकत घेणाऱ्या पोरांचं काय झालं असेल ते पण खरंच आहे.

याच्या उलट गोल्डनआय. बाँडचा सिनेमा नोव्हेंबर १९९५ मध्ये आला आणि रेअरनं केलेला निन्टेंडो ६४ वरचा गेम ऑगस्ट १९९७ मध्ये, म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षांनी, सिनेमाचा गाजावाजा थंड झाल्यावर, आणि तो आजही लोक खेळतात. वेळ मिळाला की काय होतं ते बघा.

म्हणून फोनवर सिनेमाची तारीख आणि गेमची तारीख दोन्ही बघायच्या. एकाच आठवड्यातल्या असतील तर जरा सावध. पण जरा सावधच, कारण वर सांगितलेला मोठ्या मशीनवरचा स्पायडर-मॅन २ सिनेमाच्याच आठवड्यात आला होता आणि रिटर्न ऑफ द किंगचा गेम तर सिनेमाच्या आधी, आणि दोन्ही चांगले. तारीख ही एक खूण आहे फक्त, टीमचं नाव आणि मशीनचं नाव याच्यासोबत धरली तरच कामाची.

मशीनला काय झेपतं ते माहीत असू द्या

हे थोडं तांत्रिक आहे पण कळलं की अपेक्षा आपोआप जागेवर येतात. पहिल्या गेम बॉयची स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची आणि चार छटा. जीबीएची २४० बाय १६०, रंगीत, पण कार्ट्रिजमध्ये जास्तीत जास्त ३२ एमबी जागा आणि बहुतेक गेम त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी जागेत बसवलेले, कारण जास्त जागेची चिप म्हणजे जास्त खर्च. एवढ्यात सिनेमातला सीन कसा मावणार, म्हणून मग सिनेमातले दोन फोटो आणि खाली चार ओळी मजकूर, संवादाच्या जागी बीप बीप. हे बघून पोरं नाराज होतात पण त्यात टीमची लबाडी नाही, जागाच तेवढी.

बटणांचं पण तसंच. जीबीएला ए, बी आणि वर एल, आर, संपलं. ज्या हिरोला मोठ्या मशीनवर पंधरा डाव होते त्याला इथे चार-पाच उरतात. पीएसपीची स्क्रीन ४८० बाय २७२ आणि दिसायला झकास, पण तिला एकच छोटी ॲनालॉग कळ आहे, प्लेस्टेशनच्या रिमोटसारख्या दोन काड्या नाहीत, त्यामुळे थ्रीडी गेममध्ये हिरो चालवायचा की कॅमेरा फिरवायचा असा प्रश्न सारखा पडतो. म्हणून पीएसपीवर सिनेमाचा थ्रीडी गेम घ्यायच्या आधी लोकांनी कॅमेऱ्याबद्दल काय म्हटलंय ते नक्की वाचा. मारामारीच्या ऐन वेळी भिंत समोर आली की सगळी मजा जाते.

माझं मत असं की ज्या टीमनं मशीन छोटं आहे हे मान्य करून वेगळाच गेम रचला त्यांचा गेम चांगला होतो आणि ज्यांनी मोठा गेम कापून कापून बसवला त्यांचा रडतो. सनसॉफ्टचा गेम बॉयवरचा बॅटमॅन घ्या, १९९० चा, सिनेमा १९८९ चा. त्यात बॅटमॅन चक्क बंदूक चालवतो, आणि कट्टर फॅनला ते खटकणारच, मलाही पहिल्यांदा खटकलं. पण त्या चार छटांच्या स्क्रीनवर तो खेळायला इतका घट्ट बसतो आणि संगीत इतकं भारी आहे की दोन लेव्हलनंतर तक्रार राहत नाही.

घ्यायच्या आधी व्हिडिओ कसा बघायचा

ट्रेलर बघू नका, ट्रेलरमध्ये बरेचदा सिनेमाचेच तुकडे असतात नाहीतर मोठ्या मशीनवरचा गेम. यूट्यूबवर गेमचं नाव, पुढे मशीनचं नाव आणि पुढे लाँगप्ले (म्हणजे अख्खा गेम खेळून दाखवलेला व्हिडिओ) असं टाकून शोधा. मशीनचं नाव टाकायलाच पाहिजे, नाहीतर प्लेस्टेशनवाला समोर येतो आणि आपण परत फसतो. व्हिडिओ मिळाला की पहिली पाच मिनिटं सोडा, ती सगळ्या गेमची छान असतात, तिथे मेहनत केलेली असते. साधारण मधोमध जा आणि दहा मिनिटं बघा. तिथे पण नवीन काही घडतंय की तेच तीन गुंड रंग बदलून परत येतायत, हे बघितलं की गेमचा स्वभाव कळतो. अख्खा व्हिडिओ दीड तासाचा असेल तर गेम पण तेवढाच आहे हे पण कळतं, त्या हिशेबानं किती पैसे द्यायचे ते ठरवा.

जेल रोडला गेलात तर

आता प्रत्यक्ष खरेदी. जेल रोडला, नॉव्हेल्टी मार्केटच्या बाजूला मोबाईलची दुकानं आहेत तिथे कधीमधी जुने हँडहेल्ड मिळतात, नाहीतर ऑनलाइन कोणाकडून तरी. संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत कोणी नीट दाखवत नाही. सकाळी राजवाड्याला पोहे खाऊन अकरा-साडेअकराला जा, दुकानं नुकतीच उघडलेली असतात, दुकानदार निवांत असतो आणि काउंटरवर चालू करून बघू देतो.

जीबीएचं कार्ट्रिज हातात आलं की आधी उलटं करून खालच्या खाचेत फोनचा टॉर्च मारा. आत सोनेरी पिना दिसतील आणि त्यांच्या वर सर्किट बोर्डावर निन्टेंडो असं छापलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर ठेवून द्या. मग मागचा स्क्रू बघा, खऱ्यावर तीन पाकळ्यांचा असतो, साधा अधिक चिन्हाचा स्क्रू असेल तर एकतर नकली आहे नाहीतर कोणीतरी उघडून बसवलेलं. मग पुढचं लेबल तिरकं धरून उजेडात बघा, बहुतेक खऱ्या कार्ट्रिजवर लेबलमध्ये दोन अंकी नंबर हलका दाबून उमटवलेला असतो, सरळ बघितलं तर दिसत नाही, तिरकं धरलं की दिसतो. चित्र फिकट, अक्षरं धूसर, स्पेलिंग चुकलेलं, हे तर लगेच कळतं. शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, गेम थोडा खेळून सेव्ह करा, मशीन बंद करा, कार्ट्रिज काढून परत घाला, आणि सेव्ह आहे का बघा. नकली कार्ट्रिजमध्ये सगळ्यात आधी मरतं ते सेव्ह. एका दुकानातून घेतलेल्या कार्ट्रिजचं माझं सेव्ह आठवडाभरात उडालं, बारा लेव्हल गेल्या, आणि त्या गेममध्ये मी जीव ओतला होता म्हणून अजून वाईट वाटतं. काही जुन्या गेममध्ये सेव्ह नसतंच, पासवर्ड असतो, तेव्हा ते पण विचारून घ्या म्हणजे उगाच चांगल्या कार्ट्रिजला नकली म्हणाल.

पीएसपीवाल्यांसाठी एक खास धोका. यूएमडी डिस्कवर गेम पण यायचे आणि सिनेमे पण यायचे, आणि दोन्ही दिसायला सारख्या. २००५ मध्ये अमेरिकेत पीएसपी आली तेव्हा पहिल्या दहा लाख मशीनसोबत स्पायडर-मॅन २ ची यूएमडी फुकट दिली होती, पण ती सिनेमाची. त्या डिस्का अजून सेकंडहँडमध्ये फिरतात आणि लोक गेम समजून घेतात. त्यात वर गेमच्या यूएमडीला रीजन नसतं, कुठल्याही देशातली डिस्क दुसऱ्या देशातल्या पीएसपीवर चालते, पण सिनेमाच्या यूएमडीला रीजन असतं, म्हणजे अमेरिकेतली डिस्क इथल्या मशीनवर सिनेमा म्हणून पण चालेल याची खात्री नाही. डिस्कवर यूएमडी व्हिडिओ असं लिहिलंय का ते बघा, लिहिलं असेल तर तो सिनेमा. जीबीएवर पण असे व्हिडिओवाले कार्ट्रिज आले होते, श्रेकचा अख्खा सिनेमा होता, त्यात खेळायला काही नाही. अशा कार्ट्रिजवर व्हिडिओ हा शब्द असतो, तेवढा शोधा.

पीएसपी मशीनच घेत असाल तर मागचं बॅटरीचं झाकण बोटानं चाचपा, फुगलेलं असेल तर बॅटरी फुगलीये, ती वापरायची नाही आणि चार्ज तर अजिबात करायची नाही. मेमरी स्टिक सोबत आहे का विचारा, १०००, २००० आणि ३००० या मॉडेलमध्ये ती नसेल तर गेम सेव्हच होत नाही. कोणतं कार्ट्रिज कुठे चालतं ते पण थोडक्यात सांगतो, गेम बॉय आणि गेम बॉय कलरचे कार्ट्रिज जीबीए आणि जीबीए एसपीवर चालतात, डीएसवर नाही. जीबीएचे कार्ट्रिज जुन्या डीएस आणि डीएस लाइटवर चालतात, डीएसआयवर नाही कारण तिला ती खाचच नाही.

आणि ते ४०० इन १ वाले स्वस्त मशीन, डब्यावर एखाद्या सिनेमाच्या हिरोचं चित्र असतं ना, त्या चित्राचा आतल्या गेमशी काही संबंध नसतो. हिंदी सिनेमाचे गेम आले ते जास्त करून मोबाईलवर, जसा धूम ३ चा उडुपीच्या ९९गेम्सनं केलेला बाइकवाला, नाहीतर रा.वनसारखे प्लेस्टेशन २ आणि ३ वर. लहान मुलाला त्या चित्रामुळे ते मशीन घेऊन दिलं तर तो रडणार, आधीच सांगतो.

घेऊन झालाय आणि आवडला नाही, मग?

पहिल्याच दिवशी विकायला काढू नका. ज्या दिवशी सिनेमा डोक्यात ताजा असतो त्या दिवशी कुठलाच गेम पुरा पडत नाही. दोन-तीन आठवडे ठेवून द्या, मग सिनेमाचं नाव विसरून एक साधा छोटा गेम म्हणून चालू करा. भाच्यासोबत मी हेच केलं, त्याला म्हटलं हा वेगळा गेम आहे, यात शहर नाही, यात उड्या आणि ठोसे आहेत, तेवढंच बघ. मग तो बसला, पाच लेव्हल केल्या, एका बॉसवर अडकला आणि स्वतःहून परत परत खेळला. मोकळं शहर त्याला हवंच होतं आणि ते यात नाही मिळालं, हे दुःख आहेच, पण निदान हातात काय आहे हे त्याला कळलं.

सोबतचं पुस्तक असेल तर वाचा, छोट्या मशीनवरच्या गेममध्ये बरेचसे डाव दोन बटणं एकत्र दाबून असतात आणि ते गेममध्ये कुठे सांगत नाहीत. जीबीएच्या पहिल्या मॉडेलला मागून लाइट नाही, तेव्हा अंधाऱ्या लेव्हल ट्यूबलाइटखाली बसून खेळा, नाहीतर गेमच वाईट आहे असं वाटत राहतं. गेम मध्येच अडकत असेल, स्क्रीन पांढरी होत असेल तर फुंकर मारू नका, तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि गंज चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलवर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडंसं लावून पिना हळू पुसा, वाळू द्या, मग घाला.

मुलांसाठी घेत असाल आणि पहिलाच असेल तर माझी निवड अशी. रोलप्लेइंग आवडत असेल तर हॅरी पॉटरचा गेम बॉय कलरवाला, थोडं इंग्रजी वाचता यायला पाहिजे मात्र. दोघं भावंडं असतील आणि दोन जीबीए असतील तर रिटर्न ऑफ द किंग, लिंक केबल लावून दोघं मिळून खेळतात, फक्त कार्ट्रिज पण दोन लागतील. आणि अगदी लहान असेल तर जीबीएवरचा अलादीन. त्याची पण तीच गोष्ट, १९९३ मध्ये अलादीनचे दोन गाजलेले गेम आले, सुपर निन्टेंडोवर कॅपकॉमचा आणि सेगावर व्हर्जिनचा, दोन्ही चांगले पण वेगळे, आणि जीबीएवर आला तो कॅपकॉमचा तर जुन्या गेम बॉयवरचा सेगावाल्यावरून केलेला. सेगावर तलवार चालवलेली आठवत असेल तर जीबीएवाल्यात ती शोधू नका, तिथे उड्या मारून शिपायांच्या डोक्यावर पडायचं आणि सफरचंदं फेकायची.

एवढं करून नाहीच आवडला तर विका, पण विकताना जाहिरातीत सिनेमाच्या नावापुढे मशीनचं नाव आणि टीमचं नाव लिहा, बाजूनं दिसणारा आहे की थ्रीडी ते लिहा, सेव्ह होतं की पासवर्ड आहे ते लिहा, आणि खालच्या खाचेचा टॉर्च मारून काढलेला फोटो टाका. भाव थोडा कमी आला तरी चालेल, समोरच्या घरात पण कोणाचा तरी भाचा असतो.